झालं म्हणायचं राहिलं

१

नववीत माझी शाळा सुटली. नापास झालो नव्हतो, नुसता जायचा थांबलो. वर्गात उभं राहून वाचायला सांगितलं की आवाज घशातच अडकायचा आणि मागच्या बाकावरून खसखस सुरू व्हायची. शेवटी आईने हात टेकले आणि मला मामाच्या फोटो स्टुडिओत धाडलं.

तिथे मी बोलायला शिकलो. म्हणजे पाच वाक्यं शिकलो. "बसा." "इकडे बघा." "हनुवटी थोडी खाली." "हलू नका." आणि फोटो निघाला की, "झालं." कॅमेऱ्यामागे उभा असलो की ही पाच वाक्यं मी कुणालाही म्हणू शकायचो, अगदी पोलीस खात्यातल्या साहेबालासुद्धा. त्यापलीकडे मला माणसांशी बोलणं जमत नाही. आजही नाही.

मामाचं काम जुन्या वळणाचं. कॅमेऱ्याला एक दोरी बांधलेली होती आणि दोरीला एक गाठ. ती गाठ गिऱ्हाइकाच्या डोळ्यापाशी धरून ताणायची, दोरी ताठ झाली की फोकस बरोबर. डिजिटल कॅमेरा आला तरी मामाने दोरी सोडली नाही. "मशीनला काय कळतंय कुठं बघायचं ते," म्हणायचा. "फोटो डोळ्यांचा असतो. बाकीचं सगळं सामान."

त्याची दुसरी शिस्त 'झालं' या शब्दाची. एकदा मी विसरलो. एक म्हातारे गृहस्थ तसेच श्वास धरून बसून राहिले, लालबुंद होईपर्यंत. मामा आतून ओरडला, "अरे, झालं म्हण की! मारतोस का त्यांना?" मी म्हणालो. ते फुस्सकन श्वास सोडून उठले आणि सगळी गिऱ्हाइकं करतात तेच त्यांनी केलं. कॅमेऱ्याला वळसा घालून माझ्या खांद्यावरून डोकावले.

"हा मी वाटतच नाही," ते म्हणाले. "परत काढा ना."

हेही सगळे म्हणतात.

२

कला महाविद्यालयाच्या छायाचित्रण विभागात एक जागा अनुभवावर भरतात. बारावी नसली तरी चालते, काम दाखवावं लागतं. मामाने माझे प्रिंट स्वतःच्या हाताने पाठवले आणि ती जागा मला मिळाली. अट एकच होती. पहिल्या सत्राची छायाचित्रमालिका पास झाली नाही तर जागा रद्द. मग परत स्टुडिओ, परत ती पाच वाक्यं, जन्मभर.

वर्गातले माझ्यापेक्षा वयाने लहान आणि बोलण्यात मोठे. पासपोर्ट फोटो काढणारा म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं नाव 'पासपोर्ट' ठेवलं. "ए पासपोर्ट, जरा ट्रायपॉड दे." मी देत असे.

छायाचित्रण शिकवणाऱ्या मॅडमनी मालिकेचा विषय दिला, अनुपस्थिती. तीस दिवस, रोज एक फोटो, एकाच जागेवरून, एकाच वेळी. जागा ज्याची त्याने निवडायची. इतरांनी बंद दुकानं निवडली, बसथांबे निवडले. मी दुसऱ्या मजल्याच्या टोकाची एक खोली निवडली, कारण तिथे कुणी येत नव्हतं. खोलीत एक उंच खिडकी होती, बारा काचांची, आणि परीक्षा हॉलमधून टाकून दिलेली एक लाकडी खुर्ची, हातांची. तिची बैठक वेताची, एका कोपऱ्यात उसवलेली. मी खुर्ची खिडकीजवळ ठेवली, ट्रायपॉडचे पाय जमिनीवर खडूने आखले आणि खोलीची किल्ली घेतली.

पहिल्या दिवशी सकाळी अकराला मी कॅमेऱ्यामागे उभा राहिलो आणि बटण काही दाबवेना. हात तयार होता. पण समोर कुणी नसताना काय करायचं ते हाताला माहीत नव्हतं. पाच मिनिटं मी तसाच घुम्यासारखा उभा. स्वतःचा राग आला. शेवटी दोरी काढली (पिशवीत होतीच, सवय), गाठ खुर्चीच्या पाठीपुढे वीतभर, माणसाचे डोळे असतात तिथे हवेत धरली आणि फोकस लावला.

"बसा," मी म्हणालो. "इकडे बघा. हनुवटी थोडी खाली. हलू नका."

मग बटण दाबलं गेलं. पाचवं वाक्य मी बोललो नाही. उठायला कोण होतं?

३

विभागात पहिलं वर्ष फिल्मवरच काढावं लागतं. डार्करूम सांभाळणारे काका सहा-सहा फोटोंच्या छोट्या फिती भरून द्यायचे. पहिले सहा दिवस झाले, मी फिल्म धुतली, प्रिंट काढले आणि मॅडमसमोर मांडले.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "खुर्ची मऊ आलीये."

मी वाकून प्रिंट पाहिला.

"लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवलंस ते बरोबर. पण फोकस कशावर केलास? खुर्चीची पाठ धूसर आहे. नक्की काय स्पष्ट आहे या फोटोत?"

'डोळे' असं म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "चुकलं."

"चुकलं ना? आता मालिका सुरू झाली, बदलू नकोस. आणि ही धूळ बघ." त्यांनी नखाने दाखवलं. पाठीच्या वरच्या पट्टीच्या जरा वर दोन पांढरे ठिपके होते, टाचणीच्या टोकाएवढे. "सहाही प्रिंटवर आहे. निगेटिव्ह पुसायची असते, माहितीये ना?"

मागे कुणीतरी हसलं. "मॅडम, पासपोर्टला सगळ्यांना एकच शिक्का मारायची सवय आहे."

४

पुढचा आठवडा मी धुळीशी भांडण्यात घालवला. निगेटिव्ह फुंकणीने फुंकली, मऊ ब्रशने झटकली, पुन्हा धुतली. निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरची काच पुसली. पाच पाच प्रिंट वाया घालवले. ठिपके जागच्या जागी. पालथ्या घड्यावर पाणी.

"काका, तुमच्या मशीनमध्येच काहीतरी आहे," मी वैतागून म्हणालो. माझ्या हिशेबाने हे मोठंच भाषण.

काकांनी दुसऱ्या मुलीची निगेटिव्ह त्याच मशीनवर लावून दाखवली. स्वच्छ. मग माझी फीत भिंगाखाली धरली आणि बराच वेळ बघत राहिले.

"ही धूळ नाही," ते म्हणाले. "धूळ वर बसलेली असते. हे आत आहे. फोटोतच आहे." मग त्यांनी फीत माझ्या हातात दिली आणि खांदे उडवले. "खिडकीचा कवडसा असेल. नाहीतर ब्रश घे, करडा रंग भर आणि मोकळा हो."

दुसरी फीतही तशीच आली. मी बारा प्रिंट शेजारी शेजारी लावले आणि पट्टीने मोजलं. दोन ठिपक्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं. फक्त पहिल्या फोटोपेक्षा दुसऱ्यात ते केसभर खाली होते, दुसऱ्यापेक्षा तिसऱ्यात अजून केसभर.

रोज मी म्हणत होतो, हनुवटी थोडी खाली.

मी शाळा सोडली असली तरी अक्कल सोडलेली नाही. म्हटलं, ट्रायपॉड हलत असेल. पण खुर्चीच्या कडा बाराही फोटोंत तंतोतंत एकाच जागी होत्या. मग ठरवलं, याचा निकाल लावायचा. तेराव्या दिवशी मी नेहमीचं सगळं म्हणालो आणि वर जोडलं, "मान किंचित उजवीकडे." चौदाव्या दिवशी तोंडातून चकार शब्द काढला नाही.

तिसरी फीत धुतली तेव्हा तेराव्या फोटोत दोन ठिपके एकमेकांजवळ सरकले होते, मान वळवल्यावर सरकतील तेवढे. चौदाव्यात ते बरोबर तेराव्याच्याच जागी होते.

मला आधी भीती वाटली नाही, राग आला. एवढ्या मुलांमधून हे माझ्याच वाट्याला का? इतरांची बंद दुकानं बिचारी बंदच राहत होती.

५

अठराव्या दिवसानंतर मी काकांकडे मोठ्या कागदाचा एक ताव मागितला. एन्लार्जरचं डोकं जितकं वर जाईल तितकं चढवलं आणि फक्त एकच ठिपका कागदावर पाडला.

लाल दिव्याखाली कागद डेव्हलपरमध्ये हलवत होतो. आधी नुसते दाणे आले. मग मधे पांढरा चौकोन उमटला, दोन्ही बाजूंनी जरा फुगलेला, थेंबात दिसतो तसा. चौकोनावर आडव्या-उभ्या काळ्या रेघा. मी मोजल्या नाहीत. बारा काचा आहेत हे न मोजताही कळत होतं.

स्टुडिओत हे रोज बघायचो. समोरचा प्रकाश माणसाच्या बुबुळात उमटतो. तो नसेल तर फोटो मेल्यासारखा दिसतो, मामा म्हणायचा.

चौकोनाच्या बाजूला ट्रायपॉड होता. ट्रायपॉडमागे डोकं खाली घातलेला एक माणूस. तो मी होतो.

कागद चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरमध्ये न टाकताच मी पांढरा दिवा लावला. कागद हळूहळू पूर्ण काळा झाला.

"काय रे, ताव फुकट घालवलास?" बाहेरून काका ओरडले.

"हो," मी म्हणालो.

६

सोडून द्यावं असं दर दिवशी वाटायचं. पण सोडलं तर जागा जाणार होती. आईने शेजारीपाजारी सगळ्यांना सांगितलं होतं, आमचा मुलगा कॉलेजात आहे. तिने हे वाक्य बोलायला किती वर्षं वाट पाहिली होती ते मला माहीत आहे. त्यामुळे रोज अकराला मी कुलूप उघडायचो, खुर्चीकडे सरळ न बघता दोरी धरायचो आणि बटण दाबायचो. बोलणं मी बंद केलं होतं. खोलीत शांतता असायची, पण मोकळ्या खोलीतली नव्हे. कुणीतरी श्वास धरून ठेवलाय अशी.

अठ्ठाविसाव्या दिवशी मामाला फोन केला. सगळं कसं सांगणार? म्हणालो, "मामा, एक गिऱ्हाईक आहे. एकदा बसलं ते हलतच नाही."

"बरंय की! माझ्याकडे पाठव. इथं एकजण स्वस्थ बसेल तर शपथ."

"मामा, खरंच. किती दिवस झाले."

मामा हसायचा थांबला. "झालं म्हटलंस का त्याला?"

मी दोरीची गाठ बोटाभोवती गुंडाळली.

"लेका, ज्याला हलू नको म्हणालास त्याला झालं कुणी म्हणायचं? मी येऊ का तिथं? माणूस तुझ्या भरवशावर बसलेला असतो. ताटकळतो बिचारा."

७

तिसाव्या दिवशी अकराला मी कुलूप उघडलं. ऊन खुर्चीच्या हातावर पडलं होतं. वेताची बैठक मधे खाली गेलेली होती. ती पहिल्यापासूनच तशी होती का? मी आठवायचा प्रयत्न केला. आठवेना.

कॅमेऱ्यामागे उभा राहिलो. वर्गात वाचायला उभं केल्यासारखा.

"झालं," मी म्हणालो.

खुर्ची करकरली. वेताची बैठक हळूच वर आली, हाताने दाबलेली उशी वर येते तशी. मग काहीच नाही. मला वाटलं, संपलं. जीव भांड्यात पडला.

आणि तेव्हा आठवलं, झालं म्हटल्यावर गिऱ्हाईक काय करतं ते.

माझ्या उजव्या कानाशी गरम श्वास आला. लांब, सावकाश, खूप दिवस कोंडून ठेवलेला.

मी मान वळवली नाही. कॅमेऱ्याच्या पाठीवर बघायला काही नव्हतं, नुसतं काळं झाकण. "फिल्म आहे," मी कसंबसं म्हणालो. "आत्ता दिसणार नाही. धुवावी लागते."

श्वास तिथेच राहिला. वाट बघायची सवय होती त्याला.

तिसावा फोटो तर काढायचाच होता. मी रिकाम्या खुर्चीचा काढला.

८

मॅडमनी तीस प्रिंट लांब टेबलावर ओळीने मांडले. वर्गातले सगळे भोवती उभे होते. माझ्या उजवीकडे थोडी जागा सोडूनच, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ठिपक्यांना मी ब्रश लावला नव्हता. हात धजला नव्हता.

मॅडम एक एक प्रिंट बघत पुढे सरकल्या. कुणी हसलं नाही.

"मी चुकले होते," त्या शेवटी म्हणाल्या. "खुर्ची धूसर असणंच बरोबर आहे. आणि हे ठिपके... इतक्या वर्षांत मी असं काम पाहिलं नाही. कुणीतरी बसलंय, आणि नाहीये. हेच मी मागितलं होतं."

त्या तिसाव्याशी थांबल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय आहे?"

"खुर्ची, मॅडम."

"तेच. नुसती खुर्ची. ही कुणीही काढेल. शेवटच्या पायरीवर येऊन पाय घसरला की रे तुझा." त्यांनी तो प्रिंट उचलून माझ्या हातात दिला. "एकोणतिसांवर पास करता येत नाही, नियम आहे. उद्या गुण पाठवायचे आहेत. उद्या अकराला जा आणि हा परत काढ."

परत काढ. हेच ऐकायचं राहिलं होतं.

९

दुसऱ्या दिवशी मी खोलीत गेलो आणि दार आतून लावून घेतलं. रात्रभर कानाशी श्वास होता, जेवतानाही होता. त्याची सवय होऊ लागली होती याचीच मला जास्त चीड आली.

ट्रायपॉड खडूच्या खुणांवर ठेवला. खुर्ची जागेवर होती.

"बसा," मी म्हणालो.

कानाशी गार पडलं. खुर्ची करकरली.

मी दोरीची गाठ चिमटीत धरली आणि पुढे गेलो. दोरी मागे उलगडत होती. पाठीपुढे वीतभर, डोळ्यांच्या जागी. तीस वेळा मी ती जागा हवेत अंदाजाने शोधली होती. आज अंदाज लागला नाही. दोरी ताठ व्हायच्या आधीच गाठ कशालातरी टेकली. ओलसर, मऊ. ते मिटलं आणि उघडलं.

मी मागे आलो. फोकस लावला. शब्द बरोबर आले.

"इकडे बघा. हनुवटी थोडी खाली. हलू नका."

बटण दाबलं.

पाचवं वाक्य ओठांवर आलं होतं. एकच शब्द. पण तो म्हटला की ते उठणार, खांद्याशी येणार, जन्मभर तिथे राहणार. नाही म्हटला तर ते इथे राहणार. स्टुडिओतल्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या वेळी मी विसरलो होतो. या वेळी विसरलो नाही. शब्द गिळला, कॅमेरा उचलला आणि बाहेरून कुलूप घातलं. किल्ली कार्यालयात दिली.

दुपारी मॅडमनी प्रिंट पाहिला आणि सही केली. "पास." आईला फोन केला तर ती रडली. वर्गातल्या एकाने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "मानलं, पासपोर्ट."

१०

सुट्टीत मी मामाकडे गेलो. परत काढलेला तिसावा प्रिंट त्याला दाखवायला पिशवीत घेतला होता.

दुकानात गर्दी होती. मामा म्हणाला, "कॉलेजवाले साहेब, जरा हात लावा कामाला." एक सोनेरी चष्म्याचे गृहस्थ स्टुलावर बसले. मी दोरी धरली, फोकस लावला, चार वाक्यं म्हणालो, बटण दाबलं.

पाचवं तोंडातून फुटेना. मी प्रयत्न केला. तोंड उघडत होतं, आत काही नव्हतं. गृहस्थ श्वास धरून बसले होते. कपाळाची शीर फुगली.

"अरे, काय हे!" मामा आतून धावत आला आणि दुकानभर आवाज घुमेल असा ओरडला, "झालं! झालं हो, उठा!"

गृहस्थ उठले आणि वळसा घालून माझ्या डाव्या खांद्याशी आले. "हा मी वाटतच नाही," ते म्हणाले.

उजव्या कानावर गरम श्वास आला. कुलपाआड बसलेल्यालाही मामाचं 'झालं' पोचलं होतं.

मी कॅमेरा खाली ठेवला. पिशवीतून प्रिंट काढला आणि काउंटरवर मांडला, उजवीकडे तोंड करून, सरळ.

"ही कुणाची खुर्ची?" गृहस्थ म्हणाले.

"चांगला आलाय," मी म्हणालो. त्यांना नव्हे. "खरंच चांगला आलाय."

कानाशी श्वास थांबला. मग आत ओढला गेला. बोलायच्या आधी माणूस घेतो, तसा.